तुम्ही विचारलंत म्हणून : त्या रात्री मी डिपॉझिट का भरले

गेले वर्षभर हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात विचारला, ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरताना विचारला, आणि एकदा पाचपाखाडीला महापालिकेच्या मुख्यालयात लोकशाही दिनासाठी, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, बसले असताना शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारला. "इतरांना रुग्णाचे हक्क शिकवता, आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्हीच मुकाट्याने डिपॉझिट भरलंत ना?" काही जण काळजीने विचारतात, काही जण पकडल्याच्या समाधानाने. आजवर मी कोणाला "हो, भरले" एवढेच सांगितले, तर कोणाला "तुम्ही तिथे नव्हता" असे म्हणून गप्प केले. दोन्ही उत्तरे खरी असली तरी दोन्ही अपुरी आहेत, म्हणून आता एकदाच सगळे लिहून ठेवते.

भरले. साठ हजार रुपये, माझ्या डेबिट कार्डाने, रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी. पावती माझ्याकडे आहे. मात्र मुकाट्याने भरले, हे खरे नाही.

आमचा ज्येष्ठांचा गट लोकांना रुग्णांचे हक्क समजावून सांगतो, हे विचारणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, कारण आमचे पिवळे पत्रक बहुतेकांच्या घरी गेलेले आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचे नियम सुधारले गेले, आणि रुग्ण हक्कांची सनद व सेवांचे दर रुग्णालयात सर्वांना दिसतील असे लावणे बंधनकारक झाले. पैशांसाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, आणि अत्यवस्थ रुग्णाला जीवरक्षक प्राथमिक उपचार पैशांची वाट न पाहता द्यावे लागतात, हेही त्या नियमांत आले. हे सगळे आम्ही सोप्या मराठीत पत्रकावर छापले होते. पत्रकातली तिसरी ओळ मी स्वतः लिहिलेली आहे : "तातडीच्या वेळी डिपॉझिट भरू नका, नियम दाखवा." ही ओळ लिहिली तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता.

फेब्रुवारी २०२५ मधली ती रात्र. माझे पती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. दीडच्या सुमारास ते पलंगावर उठून बसले आणि जबड्यात ठणका लागला आहे, दाढेचे असेल, असे म्हणाले. मीही ते दाढेचेच समजले आणि पाच-सात मिनिटे स्वयंपाकघरात लवंगेचे तेल शोधण्यात घालवली. परत आले तेव्हा त्यांचा बनियन घामाने पाठीला चिकटला होता. दर महिन्याला लोकांकडून १०८ हा क्रमांक पाठ करून घेणाऱ्या मी त्या क्षणी १०८ लावला नाही. शेजारचे दार वाजवले, कारण त्यांच्या मुलाची गाडी खाली उभी होती. घरापासून सर्वांत जवळ जे खासगी रुग्णालय होते तिथे आम्ही गेलो. जिल्हा रुग्णालयात का नेले नाही, असेही मला विचारले जाते. त्याचे उत्तर अंतर एवढेच आहे, आणि मागे ज्यांच्यावर अशी वेळ आलेली आहे ते हा प्रश्न विचारत नाहीत.

रुग्णालयाशी न्यायाने वागायचे तर हेही सांगायला हवे की अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी एक मिनिटही वाया घालवला नाही. ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या, नळी लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, मोठा अटॅक आहे. लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल. जेवढा उशीर, तेवढे हृदयाचे स्नायू जातात." इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले, आणि नियम तिथेच संपला.

काउंटरवर तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा होता. साठ हजार भरले की कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाच्या, लोकांना घरून बोलावण्यासाठी फोन जाईल, असे त्याने सांगितले. मी रेशनकार्ड, पतींचे वयवंदना कार्ड (सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान कार्ड) आणि आधार त्याच्यापुढे ठेवले. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे, सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे, आणि योजनेच्या यादीत त्या रुग्णालयाचे नाव होते. हे सगळे मला पाठ होते. तो म्हणाला, "योजनेचे आरोग्यमित्र सकाळी नऊला येतात, मॅडम." आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणारा माणूस. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, असे मी सांगितले. ते आपल्याला ठाऊक नाही, असे तो म्हणाला. मी २०२१ च्या नियमांचे नाव घेतले. तेव्हा तो अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "उपचार सुरूच आहेत ना, मॅडम? आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

मला तिथे उत्तर सुचले नाही. जीवरक्षक प्राथमिक उपचार कुठे संपतात आणि पुढचा उपचार कुठे सुरू होतो, या मुद्द्यावर आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही एकदा दीड तास चर्चा केली होती, आणि पुढच्या वेळी पाहू म्हणून उठलो होतो. नियमातल्या त्याच फटीत त्या रात्री माझा नवरा पडदा ओढलेल्या खाटेवर झोपलेला होता. त्या मुलाच्या मागच्या भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद लावलेली होती, काचेच्या चौकटीत, स्वच्छ मराठीत. अशा सनदा आपल्या भागातल्या रुग्णालयांत दर्शनी लागाव्यात म्हणून आम्ही दोन वर्षे पत्रे लिहिली होती. मी तिच्याकडे बोट दाखवले, वरिष्ठांना फोन लावायला सांगितले, त्याने लावला, तो कोणी उचलला नाही. मी पुन्हा पहिल्यापासून बोलू लागले. मग पडद्याआडून ओकारीचा आवाज आला आणि मी पर्स उघडली. मशीनमधला कागद संपला होता. त्याने नवी भेंडोळी बसवेपर्यंत मी कार्ड हातात धरून उभी होते, आणि पिन टाकताना पहिल्या वेळी शेवटचा आकडा चुकला.

ईसीजीच्या कागदावर वेळ छापलेली असते. माझ्याकडच्या कागदावर १:५८ आहे आणि पावतीवर २:२०. मधली बावीस मिनिटे मी भांडत होते. तुम्ही मला विचारता की पैसे का भरले. मी स्वतःला विचारते की ते १:५८ ला का भरले नाहीत. माझे पती आज घरात आहेत, पण त्यांच्या हृदयाचे पंपिंग पस्तीस टक्के आहे आणि एक जिना चढले की त्यांना बसावे लागते. या बावीस मिनिटांनी काय फरक पडला, असे मी नंतर हृदयरोगतज्ज्ञांना विचारले. नक्की सांगता येत नाही, असे ते म्हणाले, आणि मी पुन्हा विचारले नाही.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणते, म्हणजे तुमचा नियमांवरचा विश्वास उडाला. तसे झालेले नाही. घरी आल्यावर आठव्या दिवशी मी लेखी तक्रार केली. सोबत दोन्ही कागदांच्या प्रती जोडल्या. अडीच महिन्यांनी संबंधित कार्यालयाकडून रुग्णालयाचा खुलासा माझ्याकडे आला. त्यात एकच वाक्य महत्त्वाचे होते : "रुग्णाच्या पत्नीने सदर रक्कम स्वेच्छेने भरली आहे."

‘स्वेच्छेने’ हा शब्द मला इतका का लागला, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. नव्वदीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी पत्रव्यवहार सांभाळत होते. कारखाने बंद होण्याचे ते दिवस होते. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज मी टंकलिखित केलेले आहेत, एका दिवसात चाळीस-चाळीस. "मी माझ्या स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय" या शब्दांखाली माणसे सही करत, आणि सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवत असे. बाहेर फाटकावर कुलूप लागणार हे त्यांना आणि मला, दोघांना ठाऊक होते. त्यांच्यातल्या एकानेही मला दोष दिला नाही. मी नोकरी करत होते, असे मी तेव्हा म्हणत असे आणि आजही म्हणते. काउंटरवरचा तो मुलगाही नोकरीच करत होता. म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. मात्र ज्याने ते वाक्य शांतपणे बसून खुलाशात लिहिले त्याच्यावर आहे, कारण ते वाक्य कसे लिहिले जाते हे मला आतून ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगणे मला सर्वांत जड जाते. २०२२ मध्ये आमच्या मार्गदर्शन बैठकीला कोपरीच्या एक मावशी आल्या होत्या. पोळ्या लाटायची कामे करून घर चालवत. भावाला रात्री दाखल करताना त्यांनी हातातल्या दोन पाटल्या सोनाराकडे ठेवून डिपॉझिट भरले होते, आणि ते परत मिळेल का हे विचारायला त्या आल्या होत्या. तीस-पस्तीस माणसांसमोर मी त्यांना म्हणाले, "भरलेत कशाला? तुमच्यासारख्यांनी भरल्यामुळेच यांचे फावते." त्यांनी पदराने तोंड पुसले, पत्रकाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि बैठक संपण्याआधी निघून गेल्या. तेव्हा मला वाटले होते की कठोर बोलल्याशिवाय माणसे जागी होत नाहीत. आज त्या बाईला, म्हणजे २०२२ च्या मला, मी सांगू इच्छिते की तुझे म्हणणे नियमाच्या दृष्टीने बरोबर होते आणि तरीही तू ते बोलायला नको होतेस. ती मला उलट विचारते, मग काय सांगायचे होते, भरत राहा म्हणून? तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मावशींच्या घरी मी गेल्या पावसाळ्यात जाऊन आले. खोलीत दुसरे भाडेकरू होते.

मग अजून हे सगळे का करता, असे पुढे विचारले जातेच. मी ते काम थांबवलेले नाही, एवढे सांगते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातले विसावे कलम सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी असे म्हणते, शक्य तितक्या खाटा असाव्यात असे म्हणते, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली राखीव सोय असावी असेही म्हणते. यांतली वेगळी रांग एका आरोग्य केंद्रावर सुरू झाली, ती आमच्या चौथ्या पत्रानंतर. डिपॉझिटविषयी किती तक्रारी आल्या आणि कितींवर काय कारवाई झाली, हे मी दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात विचारले. तीस दिवसांत उत्तर आले नाही, पहिल्या अपिलात अर्धवट आले, आणि आता दुसरे अपील घेऊन मी पनवेल लोकलने बेलापूरला राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठात जाऊन आले आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर ठाण्यात कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा प्रभागातला माणूस धरून दार ठोठावायची वाटही बंद झाली होती. कागद पाठवत राहणे एवढेच आमच्या वयाच्या माणसांच्या हातात उरले होते, आणि त्या कागदांना मी कमी लेखू देणार नाही. पण रात्री दोन वाजता ज्याच्या अंगात भांडायचे बळ आहे त्यालाच मिळणारी गोष्ट हक्क म्हणून छापताना आता माझा हात अडखळतो. मला वाचता येते, मराठीत मुद्देसूद बोलता येते, आणि बँकेत साठ हजार होते. मावशींकडे यांपैकी काय होते?

पिवळ्या पत्रकाच्या नव्या आवृत्तीसाठी मी तिसरी ओळ बदलून दिली आहे : "रुग्णावर आधी उपचार होऊ द्या. भरावेच लागले तर पावतीच्या दोन्ही प्रतींवर ‘आक्षेप नोंदवून भरले’ असे लिहा, वेळ लिहा, आणि तक्रार करा." गटातल्या निम्म्या लोकांना हे पटलेले नाही. भरण्याची वाट आपणच छापून दिली तर उद्या कोणी नियम दाखवणारच नाही, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. माझे पतीही त्यांच्याच बाजूचे आहेत. परवा जेवताना ते म्हणाले, "जुनीच ओळ राहू दे. माझ्यामुळे बदलू नकोस." मी त्यांना म्हणाले, तुमच्यामुळे बदलत नाही. मग कोणामुळे, असे त्यांनी विचारले नाही.

छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला आहे. बाकीचे पत्रक जुळून तयार आहे आणि तिसऱ्या ओळीची जागा मोकळी ठेवलेली आहे. पुढची बैठक येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचला आहे. ज्यांनी हा प्रश्न मला विचारला, त्यांनी तिथे यावे.