म्हाताऱ्याची आंघोळ

आजची सकाळ एका म्हाताऱ्याला न्हाऊ घालण्यात गेली. म्हातारा म्हणजे माझा ‘ओल्ड मॅन कॅक्टस’. वीतभर उंची आणि अंगभर लांब पांढरे केस. पण गॅलरीतल्या धुळीने ते पार मळकट झाले होते. माती कोरडी राहावी म्हणून कुंडीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, साबणाच्या अगदी पातळ पाण्यात जुना टूथब्रश बुडवला आणि वरून खाली विंचरत बसले. केस दिसतात मऊ, आत पिवळे काटे दडलेले. दोन बोटांत घुसलेच. (तसे ते केसही काट्यांचंच रूप!)

हा मूळचा मेक्सिकोतल्या हिदाल्गोच्या चुनखडीच्या, कोरड्या दऱ्यांमधला. तिथे १० मीटरच्याही वर जातो. कडक ऊन आणि थंडी, दोन्ही हे केसच अडवतात. फुलं येतात, पण झाड चांगलं उंच झाल्यावर, कित्येक वर्षांनी. माझ्या गॅलरीत ती दिसायची आशा मी केव्हाच सोडलीय.

पुण्यात त्याला उन्हाची भीती नाही, जुलैची आहे. याच्या आधीचा एक पावसात राहिला. वरून ठणठणीत, बुंध्याला हात लावला तर बोट आत गेलं! तेव्हापासून निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचे तुकडे, आणि पावसाळाभर पाणी जवळजवळ बंद.

आई दारातून सगळं बघत होती. “माझ्या डोक्याला तेल लाव म्हटलं की तुला वेळ नसतो गं.”

आता वाटी घेऊन बसलीय. जाते.