धुरा सरकवायचा नाही, पण धुऱ्याकाठचं धान सगळं कापायचंही नाही

ख्रिस्ती माणसानं देशाच्या सीमा मानायच्या की नाही, हा विषय आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुण पोरांमध्ये सध्या लय चालून राहिला आहे. काही म्हणतात देवानं माणूस एकच केला, सीमा माणसाच्या पापातून आल्या, ख्रिस्ती माणसाला कसली आली सीमा. काही म्हणतात सीमा देवानंच आखल्या, मग बाहेरच्याला बाहेरच ठेवा, त्यात वाईट काय. दोन्हीकडची पोरं चांगली आहेत, शास्त्र वाचणारी आहेत, पण मला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण कास्तकार माणसं, आपल्याला सीमा म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, सख्ख्या भावाभावात बोलणं बंद होतं, मोजणी येते, मोजणीवर अपील जातं, पिढी निघून जाते. एक नांगर इकडं घातला की दरवर्षी वीतभर वावर खिशात घालता येतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. देवालाही माहीत आहे. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेजाऱ्याची मेर, म्हणजे धुरा, सरकवू नको अशी आज्ञाच आहे, आणि २७ व्या अध्यायात मेर सरकवणाऱ्याला शाप आहे आणि त्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे. म्हणजे हद्द ही काही पापाची गोष्ट नाही. ज्याच्याजवळ ताकद नाही त्याचं वावर ती वाचवते. अहाबासारख्या राजाला नाबोथाचा मळा पाहिजे होता तेव्हा नाबोथाजवळ दुसरं काय होतं, वडिलोपार्जित हद्दच ना?

देशांचंही तसंच. प्रेषितांच्या कृत्यांत १७ व्या अध्यायात प्रेषित पौल अथेन्समध्ये म्हणतो की देवानं एकापासून सगळी राष्ट्रं केली आणि त्यांचे काळ अन् त्यांच्या राहण्याच्या सीमा ठरवल्या. आपण सीमा तेवढी वाचतो, काळ वाचत नाही. सीमेलाही तिचा काळ असतो. आपलंच पाहा ना, १९५६ पर्यंत आपला सगळा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, मग मुंबई राज्यात गेलो, मग १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. वावर तेच, तलाव तेच, आणि कागदावरचं नाव बदलत गेलं. म्हणून सीमेचा मान ठेवावा, तिची भक्ती करू नये एवढंच माझं म्हणणं.

आता खरी गोष्ट. लेवीय १९ मध्ये देव म्हणतो पीक कापताना वावराचे कोनेकोपरे पूर्ण कापू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. हे नीट पाहा. ज्या देवानं मेर सरकवणाऱ्याला शाप दिला तोच देव त्याच मेरेजवळचं पीक परक्याच्या नावानं ठेवायला सांगतो. वावर तुझंच, सातबारा तुझाच, धुरा जागच्या जागी, पण धुऱ्याला लागून जे उभं आहे त्यावर परक्याचा हक्क आहे, भीक नाही.

सरवा आपल्याकडं कोणी पाहिला नाही? कापलेल्या धानाचा कडपा उचलून पुंजणे (ढीग) लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवर सुकायच्या आत बाया अन् पोरं बांधीत (धानाच्या वावरात) येतात, वाकून एकेक लोंब उचलतात, पदराचा ओटा करतात, उंदराच्या बिळाजवळची माती पण हातानं चाळतात. काही मालक पाहून न पाहिल्यासारखं करतात. काही जण आधीच आपल्या घरच्या माणसांना लावून सगळं वेचून घेतात, लोंब राहू देत नाहीत. रूथ अशीच बवाजाच्या वावरात आली होती, आणि ती मवाबी होती, म्हणजे परक्या मवाब देशाची, ज्या मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नका असं अनुवादाच्या २३ मध्ये लिहिलेलं आहे. बवाजानं तिला हाकललं नाही, उलट गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून तिच्यासाठी टाका. त्या सरव्यावर जगलेल्या बाईच्या पणतवाचं नाव दावीद राजा, आणि मत्तयानं प्रभू येशूच्या वंशावळीत तिचं नाव घातलं आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहून हे समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत १९७२ पासून आहे, थंडीत स्वेटर विकायला शहरात जातात तेच हे लोक. इथंच जन्मलेल्या कितीतरी जणांच्या खिशात आजही विदेशी म्हणून आरसी (नोंदणीचा दाखला) आहे आणि ती वेळोवेळी रिन्यू करावी लागते. अरुणनगरकडं जा, पूर्व बंगालातून आलेल्यांची गावं आहेत. फाळणीची सीमा आखायला इंग्रज वकील रॅडक्लिफसाहेब ८ जुलै १९४७ ला भारतात आले, त्याआधी त्यांनी हा देश पाहिला पण नव्हता, आणि पाचेक आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालवर रेघ ओढली, ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. त्या रेघेनं उखडलेली माणसं आपल्या धानाच्या मुलखात येऊन रोवणी करायला लागली. त्यांची नातवंडं आपल्या पोरांसोबत शाळेत असतात, मराठी आपल्यासारखीच बोलतात.

मग काय सगळे दरवाजे उघडे टाकायचे? मी असं म्हणत नाही. आपल्या गावातली पोरं बॉर्डरवर उभी आहेत, त्यांच्यासाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो आणि करायलाच पाहिजे. सरकारनं कोण येतं कोण जातं हे पाहणं रोमकरांस पत्र १३ प्रमाणं त्यांचं कामच आहे. शास्त्रात अदोम नावाच्या देशाची गोष्ट आहे. गणना २० मध्ये इस्राएल लोक अदोमाच्या राजाला विनंती करतात, आम्हाला तुमच्या देशातून जाऊ द्या, वावरात शिरणार नाही, द्राक्षमळ्यात शिरणार नाही, राजमार्गानं सरळ जाऊ, पाणी प्यालो तर पैसे देऊ. अदोम नाही म्हणाला, फौज घेऊन आला. इस्राएलनं काय केलं? वळसा घातला. देवानं त्यांना बजावलंच होतं की अदोमाची पाऊलभर जमीन पण तुम्हाला देणार नाही, ती मी एसावाला, म्हणजे अदोमाच्या मूळपुरुषाला, दिली आहे. परक्या देशाच्या हद्दीचा एवढा मान.

पण त्याच अदोमावर पुढं ओबद्या संदेष्टा तुटून पडतो, आणि कशासाठी? यरुशलेम पडलं तेव्हा लोक जीव घेऊन पळत होते आणि हे चौरस्त्यावर उभे राहून त्यांना कापत होते, वाचले त्यांना पकडून शत्रूच्या हातात देत होते. माझ्या मते ख्रिस्ती माणसाला सीमेबद्दल जे समजायचं ते या दोन गोष्टींच्या मधात आहे. वाटसरूला वाट दिली नाही तर तो वळसा घालून जाईल. जीव वाचवायला पळणाऱ्याला धरून मारणाऱ्याच्या हवाली करणं, त्याचा हिशोब देव स्वतः मागतो.

२०१९ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या ख्रिस्ती लोकांचंही नाव आहे, म्हणून आपल्यातले काही खूश होते. मला ते बरं वाटलं नाही. मुसलमान त्यात नाहीत, आपल्या शेजारचे तिबेटी पण त्यात बसत नाहीत. मत्तय २५ मध्ये प्रभू म्हणतो मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं, तिथं परका कोणत्या धर्माचा हे विचारलेलं नाही. तो स्वतः लहान असताना आईबापाच्या कडेवर मिसरात (इजिप्तात) पळून गेलेला आहे, हेरोद राजाच्या तलवारीपासून.

बोलून सोडून द्यायला हे लिहिलं नाही. यंदाच्या हार्वेस्ट फेस्टिवलला (मंडळीच्या पिकाच्या सणाला) लिलावात जे धान, कोहळे, कोंबड्या येतात त्यातला एक वाटा छत्तीसगडातून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांसाठी काढून ठेवावा, लिलावाला लावूच नये, असं मी पाळकसाहेबांना बोललो. ते तयार आहेत. कमिटीत दोघातिघांचं म्हणणं आहे की आधी आपल्या मंडळीतल्या विधवांचं पाहावं. त्यांचं चुकीचं नाही, पण अनुवादाच्या २४ मध्ये उपरी, पोरका आणि विधवा एकाच वाक्यात आहेत, त्यांची नावं वेगळी करून रांग लावलेली नाही. मीटिंग पुढच्या रविवारी भक्ती झाल्यावर आहे, ज्यांना पटतं त्यांनी थांबावं.