मिनिटभरात नाडी किती उतरते

आमच्या पोराच्या एमएमए लढतीला (जाळीच्या पिंजऱ्यातली, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणारी लढत) तीन आठवडे उरलेत. आज सकाळी त्याची शेवटची मोठी चाचणी घेतली: पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती आणि दर फेरीला समोर नवा, ताजा जोडीदार.

ठोसे कोण मोजतंय! माझं लक्ष त्या विश्रांतीच्या मिनिटाकडे होतं. तिसऱ्या फेरीनंतर स्टुलावर टेकला तेव्हा नाडी १८४, मिनिट संपताना १४६. महिन्यापूर्वी याच टप्प्यावर ती १६० च्या खाली उतरत नव्हती. खूप बरं वाटलं.

काळजी चौथ्या फेरीची आहे. जोडीदाराने त्याला जाळीला दाबून धरलं आणि सुटल्यावर त्याचा डावा हात हनुवटीपासून घसरत छातीपर्यंत आला. तोंड उघडं, बोटं वळेनात. घट्ट धरून ठेवलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, हात भरून येतात. नुसतं पळून हा दम येत नाही, तो पकडीतच कमवावा लागतो.

दमासाठी नावाजलेला एमएमए लढवय्या केन वेलास्केझ जून २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत, सुमारे २,२४० मीटर उंचीवर, फॅब्रिसियो वेर्डमसमोर दमला आणि तिसऱ्या फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून गळा आवळणाऱ्या पकडीत, सापडला. वेर्डम आधीच उंचीवर जाऊन सराव करत होता. ती लढत माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यात अजून वजन उतरवायचंय. उद्या त्याला पूर्ण सुट्टी दिली आहे. परवापासून जाळीपाशी दोन-दोन मिनिटांची पकड, आणि सुटल्यासुटल्या ठोसे. हात वर ठेवूनच.