एकदाचे खिडक्यांना ब्लाइंड्स लागले!
आज घरात फिटिंगवाले होते. एवढ्या उंचावर आत कोण बघतंय असं सगळे म्हणतात, पण समोरचा टॉवरही तेवढाच उंच असतो ना 😄 आणि खरा त्रास उन्हाचा, वर झाडं नाहीत आडोसा नाही, पश्चिमेची काच म्हणजे दुपारनंतर नुसता तवा.

हॉलला सनस्क्रीन रोलर, म्हणजे गुंडाळून वर जाणारं जाळीदार कापड, घेतलं, ३ टक्के ओपननेसचं, म्हणजे विणीत तेवढीच मोकळी जागा, १ टक्कावालं घेतलं तर बाहेरचं फारसं दिसत नाही आणि १० वालं घेतलं तर ऊन येतंच. गंमत रंगाची आहे. गडद कापडातून बाहेरचं स्पष्ट दिसतं पण ते ऊन शोषून स्वतःच तापतं, फिकं कापड बरंचसं ऊन परत फेकतं पण व्ह्यू धूसर करतं. म्हणून आतून गडद, काचेकडून पांढरं असं दुहेरी कापड घेतलं, तसंही बिल्डिंगचा नियम बाहेरून पांढरंच दिसलं पाहिजे असा. रात्री मात्र सगळं उलटं, आत दिवा लावला की बाहेरच्याला आपण दिसतो, त्यामुळे बेडरूमला ब्लॅकआउट, म्हणजे उजेड आरपार न जाणारं कापड, आणि तेही खोलीच्या बाजूने चौकटीच्या बाहेर भिंतीवर, चौकटीच्या आत बसवलं की कडेच्या फटीतून उजेड येतोच.

रुंदी वर, मध्ये, खाली अशी तिन्हीकडे मोजली, चौकटीच्या आत बसवायच्या ब्लाइंडला सगळ्यात कमी भरली ती धरली. भिंती कुठे सरळ असतात म्हणा! काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिल, धुळीचं विचारू नका. आणि घरात लहान मुलं असतील तर बिनसाखळीचंच घ्या, वर-खाली करायची लटकती साखळी गळ्याला अडकायचा धोका असतो.