गज चार बोटं बाहेर

हुरड्याचे दिवस होते. सकाळी सोलापुरातलं आमचं दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात नान्नजकडचा एक तरुण शेतकरी पायऱ्या चढून आला. काखेत कापडी पिशवी, हातात प्लास्टिकच्या फायलीत कोराकरकरीत परवाना.

"मालक, आज्जाची रायफल तुमच्याकडं जमा हाय. सोडवायला आलोय. आन् ती वाजवायला जे जे लागतंय ते समदं आजच द्या. रानडुकरांनी ज्वारी पार लोळवलीया."

शस्त्रविक्रीचा परवाना आमच्या घरात तिसऱ्या पिढीत आहे. आजोबांच्या काळात दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक ठासणीच्या बंदुकीचं असायचं. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा. गजानं, म्हणजे लांब सळईनं, ठासायचं आणि मागं निपलवर, म्हणजे नळीच्या तळाशी उघडणाऱ्या भोकाच्या बोंडीवर, तांब्याची टोपी बसवून घोडा सोडायचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, पीकसंरक्षणासाठी याच बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. आता असं गिऱ्हाईक वर्षात बोटावर मोजण्याइतकं येतं. म्हणून या पोराला बघून मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदात माझं काय सुटलं, तेच सांगायला बसलोय.

त्याचा परवाना सहजासहजी झालेला नव्हता. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. वारस म्हणून अर्ज, पोलिसांचा अहवाल, वनखात्याची संमती, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, सगळं त्यानं एकट्यानं हेलपाटे घालून केलं होतं. मी त्याला पहिल्यांदा एवढंच विचारलं, की मारायचंय का वाजवायचंय? "मारायचं न्हाई. नुसता आवाज पायजे. रानात हरणं बी असत्यात, त्यास्नी काय लागलं तर आयुष्यातनं उठंल मी." हे उत्तर ऐकून माझा त्याच्यावर जीव बसला.

बंदूक कपाटातून काढली. रजिस्टर उघडलं. २०१४ ची नोंद, माझ्याच अक्षरात: 'ठासणीची एकनळी, दस्ता ठीक, नळी रिकामी.' म्हातारा वारल्यावर घरच्यांनी ती आमच्याकडं सुरक्षित ठेवायला दिली होती. अकरा वर्षं दर दिवाळीला मी तिला तेलाचं फडकं मारत आलो होतो.

पहिल्यांदा त्याचा 'रायफल' हा शब्द सोडवला. आपल्याकडं लांब नळीच्या कुठल्याही बंदुकीला रायफल म्हणतात. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. ठासणीची रायफल असेल तर तिला घट्ट सुती चिंधीत गुंडाळलेली मऊ शिशाची गोळी लागते. गुळगुळीत नळीला ते काही लागत नाही. खाचा आहेत का बघावं म्हणून मी टॉर्च घेतला, नळी स्वतःकडं वळवली आणि तोंडातून आत डोकावलो. वरची वीतभर नळी आरशासारखी दिसली, खाली अंधार. "गुळगुळीत हाय," म्हणालो आणि बंदूक काउंटरवर ठेवली.

मग त्याची पिशवी बघितली. आज्जानं वापरलेल्या सगळ्या वस्तू त्यात होत्या. शिंगाचा दारूदान, त्याचं बूच लाखेनं बसवलेलं. बांबूच्या पेराचं माप, बाहेरून हाताच्या घामानं काळं पडलेलं, आतल्या अंगाला चाकूनं पाडलेली एक बारीक खूण. पत्र्याच्या डबीत पाच-सहा टोप्या, हिरव्या कळकलेल्या. घोंगडीचे गोल कापलेले तुकडे, रुपयाएवढे. एका सुतळीला बांधलेली निपलची चावी.

ते बांबूचं माप मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. आज्जाचं शहाणपण त्यात होतं. दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतायची नसते. आधी उडवलेल्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत राहिली असेल, तर आगीचा लोळ थेट हातातल्या डब्यात शिरतो. मापात तेवढीच काढायची, शिंगाचं बूच लावायचं, मग माप नळीत रिकामं करायचं. त्या खुणेएवढी दारू घालावी का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. तेव्हाची दारू कुठली, दाणा केवढा, कुणाला माहीत? आधी नळी तपासून घ्यायची, मग कमीतून सुरुवात.

दारूवर आमचं बरंच बोलणं झालं, कारण तो तीन जणांचे तीन सल्ले घेऊन आला होता. एकानं सांगितलं ऑनलाइन मागव. स्फोटक वस्तू टपालानं, कुरिअरनं येत नाही आणि येऊही नये. दुसऱ्यानं सांगितलं, बारा बोअरचं काडतूस फोड आणि त्यातली दारू घाल. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खडकीच्या कारखान्यातलं काडतूस येतं त्यात बिनधुराची दारू असते. तिचा दाब ठासणीच्या नळीला सोसत नाही. नळी फाटते आणि तिच्यावर डावा हात असतो. रंगानं काळपट दिसली म्हणून ती ठासणीला लागणारी काळी दारू होत नाही. तिसरा म्हणाला होता, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दारूकाम करणाऱ्यांकडनं घे. शोभेच्या दारूत रंगासाठी, आवाजासाठी काय काय मिसळलेलं असतं. आकाशात फुटायला केलेली वस्तू लोखंडाच्या नळीत कोंडायची नसते. काळी दारू परवानाधारक दुकानातूनच घ्यायची, परवान्यावर लिहिली आहे तेवढीच, आणि प्रत्येक खेपेला नोंद करून. घरी करायची तर गोष्टच नको.

दारू माझ्याकडं होती. टोप्यांचं अवघड होतं. ठासणीची बंदूक चालवणाऱ्याला सगळ्यात आधी टोपीच अडवते. जुनी निपलं हातानं कातलेली, प्रत्येकीची जाडी निराळी. सैल टोपी घोडा पडायच्या आत गळून जाते, आणि घट्ट असली की पहिल्या टोल्यात नुसती बसते, फुटत नाही. माझ्याकडं एका जुन्या डबीत शेवटच्या दहा-बारा उरल्या होत्या. निपलवर मेणाचा थर होता. गंज चढू नये म्हणून लावला असेल असं समजून मी तो नखानं आणि टाचणीनं साफ काढला. एक टोपी त्याच्या हातात दिली. "बसतीय का बघ."

त्यानं घोडा अर्ध्यावर ओढून टोपी बसवली. "सैल वाटतीया."

"अंगठ्यानं दाब थोडी. बसली की मागच्या बोळात जाऊन नुसती टोपी वाजवून बघू."

हे मी म्हणालो. नळीचं तोंड रस्त्याकडं होतं. समोर चहाची टपरी, तिथं सात-आठ माणसं उभी.

तेवढ्यात आमचे चाचा आले. चाचा माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं बंदुकांची दुरुस्ती करतात, डोळ्याला आता कमी दिसतं. त्यांनी काउंटरवर खरवडून पडलेलं मेण बोटानं उचललं, वास घेतला आणि विचारलं, "ये निपलपे था?" मी हो म्हटलं. एक शब्द न बोलता त्यांनी पोराच्या हातातून बंदूक घेतली, तोंड छताकडं केलं, टोपी काढून खिशात टाकली. मग दस्ता जमिनीवर टेकवून, चेहरा बाजूला ठेवून, गज दोन बोटांत धरून नळीत सोडला.

रिकाम्या नळीत गज तळाच्या लोखंडावर आदळतो आणि टण वाजतो. मी तो आवाज लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी थप असा आवाज आला, पोत्यावर काठी मारल्यासारखा. चाचांनी तोंडाशी गजावर नखानं खूण धरली, गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला. गजाचं टोक निपलपर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडं थांबलं.

"भरी हुई है," चाचा म्हणाले.

माझे पाय लटपटले. मी स्टुलावर बसलो. ते मेण खूण होतं. म्हाताऱ्यानं बंदूक भरून ठेवली होती आणि दमट हवा दारूला लागू नये म्हणून निपलाचं भोक बंद केलं होतं. सकाळपासून मी त्या बंदुकीच्या तोंडात डोकावलो होतो, मेण खरवडून ठिणगीला वाट मोकळी केली होती आणि वर टोपी बसवायला लावली होती. आणि 'नळी रिकामी' हे दोन शब्द अकरा वर्षांपूर्वी मीच, गज न घालता, लिहिले होते. म्हाताऱ्याची चूक नव्हती. तो गेला अचानक. बघायचं काम माझं होतं.

पोरगं काही बोललं नाही. त्यानं बाटलीतलं पाणी माझ्यापुढं केलं.

पुढचे दोन तास बंदूक रिकामी करण्यात गेले. चाचांनी तेलाच्या बुधलीनं निपलाच्या भोकातून थेंब थेंब पाणी सोडलं, तासभर मुरू दिलं. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावला आणि नळी कुणाच्याच दिशेला येणार नाही अशी बांधून, हळूहळू फिरवत एकेक थर ओढला. आधी घोंगडीचा बोळा आला, मग बारीक छरे ताटलीत टपटपले, करडे पडलेले. मग आणखी एक बोळा, आणि त्याच्याखाली दारूचा गोळा. बहुतेक भिजलेली होती. मधली चिमूटभर मात्र कोरडी निघाली. बाकी सगळी बादलीत बुडवली, तेवढी चिमूट मागच्या बोळात फरशीच्या तुकड्यावर ठेवून मी लांब काडीला उदबत्ती बांधून टेकवली. फुस्स झालं, पांढरा धूर उठला आणि गंधकाचा वास बोळभर पसरला. अकरा वर्षांची दारू, आणि जणू काल भरलेली.

त्यानंतर सामान गोळा करायला आम्ही दोघं बसलो, पण आता घाई नव्हती. वर घालायला बोळा कशाचा, हा प्रश्न त्याच्या रानासाठी मोठा होता. नान्नजचं माळरान डिसेंबरात वाळून कोरडंठाक झालेलं असतं. सोलापूर कापडाचं गाव, सुती चिंध्यांना काय तोटा! मी मांजरपाटाचा एक धागा आणि घोंगडीचा एक धागा काढून दोन्ही पेटवून फुंकले. सुताचं टोक लाल धुमसत राहिलं, खाली टाकलं तरी विझेना. लोकरीचं टोक करपून लगेच मेलं. त्यानं दोन्हींकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे आज्जा उगं घोंगडी कापत नव्हता." धनगराकडची जुनी घोंगडी त्याच्या घरात होतीच. मांजरपाट मी त्याला दिला तो नळी पुसायला. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, दोन रात्रीत नळी आतून गंजते. म्हणून वाजवली त्याच दिवशी कढत पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, मग तेल.

दारू मात्र मी त्या दिवशी दिली नाही. चाचांनी नळी धुऊन तळाशी गंजाचे खड्डे आहेत का ते बघितलं, निपल बदलायचं ठरलं, नव्या मापाच्या टोप्या ठोक व्यापाऱ्याकडून मागवायच्या ठरल्या. तो रिकाम्या हातानं गेला, पण जाताना गज तेवढा मागून घेतला. "घरी सराव करतो," म्हणाला. "टण कसं वाजतंय ते कानात बसाय पायजे." मी त्याला दुकानातल्या दुसऱ्या रिकाम्या नळीत दहा वेळा गज सोडून आवाज ऐकवला.

त्याच संध्याकाळी शटर अर्धं ओढून, जमा असलेल्या सगळ्या ठासणीच्या बंदुका आम्ही कपाटाबाहेर काढल्या आणि एकेकीत गज घातला. सगळ्या रिकाम्या निघाल्या. तरी रजिस्टरात प्रत्येकीपुढं मी नव्यानं लिहिलं: 'गज घालून पाहिला', तारीख, माझी सही, चाचांची सही.

टोप्या संक्रांत झाल्यावर आल्या. पोरगं गड्डा बघायला आलं होतं, तसंच दुकानात आलं. मी काही सांगायच्या आत त्यानं बंदुकीचं तोंड वर केलं, चेहरा बाजूला घेऊन गज सोडला. टण. गज बाहेर काढून नळीशी लावून बघितला, मग मागच्या बोळात गेला. चाचांनी लिंबाचं एक वाळकं पान भिंतीशी जमिनीवर ठेवलं, नळीचं तोंड त्याच्यापासून वीतभर धरायला लावलं. नवी टोपी नव्या निपलवर टच्च बसली. घोडा पडला, टोपी फुटली आणि ते पान गिरकी घेत भिंतीवर जाऊन आपटलं. नळीची वाट आरपार मोकळी होती.

"आता मांडा दारू," तो म्हणाला. मी रजिस्टर उघडलं.