पत्त्याची पाठ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ऑफसेट छापखान्यात बारा महिने चालणारे काम म्हणजे लग्नपत्रिका, औषधांची खोकी, सोसायट्यांचे अहवाल आणि मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांतली बिलबुके. पत्ते छापण्याचे काम आमच्याकडे सहसा येत नाही. ते सिवकाशीकडे जाते. त्यामुळे टिळकवाडीतली एक चित्रकार मुलगी आणि तिचा खानापूरचा मित्र आपल्या पत्त्यांच्या खेळाचे ‘एक्सपान्शन’, म्हणजे मूळ संचात भर घालणारे नवे पत्ते, छापून घ्यायला आले, तेव्हा ते काम मी आनंदाने घेतले. पुढे ट्रायलच्या दिवशी जे घडले, त्याने पत्त्याकडे पाहण्याची माझी नजर कायमची बदलली.

हा खेळ रमी किंवा चॅलेंजसारखा एकाच कॅटवर खेळायचा नाही. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतःजवळ जमवलेल्या पत्त्यांतून निवड करून आपली गड्डी बांधतो आणि ती घेऊन दुसऱ्याच्या गड्डीशी भिडतो. मूळ संच त्यांनी आधी दुसऱ्या शहरात छापून घेतला होता. आता त्यात ५४ नवे पत्ते यायचे होते: वेताळ, देवचार, साती आसरा, घाटातल्या एका कल्पित राज्याचे किल्लेदार आणि त्यांची शस्त्रे. चित्रे फार सुंदर होती. आसरांच्या पत्त्यावर डोहाचे पाणी इतके काळे रंगवले होते की सातही जणींच्या साड्यांचे काठ तेवढे उजळून दिसत आणि पाय कुठे संपतात, पाणी कुठे सुरू होते, ते कळत नसे. मला वाटत होते की आमची खरी परीक्षा या चित्रांत आहे.

मुलीने पहिल्याच भेटीत माझा तो समज दूर केला. “काका, चित्र थोडे फिके आले तर चालेल, पण पाठ जुन्या पत्त्यांपेक्षा वेगळी दिसली तर सगळा खेळच बुडाला,” असे ती म्हणाली. नवे पत्ते जुन्यांत मिसळूनच खेळले जाणार असल्यामुळे गड्डीच्या वरच्या पत्त्याची पाठ पाहून तो नवा की जुना हे ओळखू आले, तर पुढे काय येणार याचा अंदाज उचलण्याआधीच बांधता येतो आणि प्रामाणिक खेळाडूलाही नको असताना ते दिसत राहते.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाची हकिगत तिने सांगितली, ती मला अजून आठवते. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘अरेबियन नाइट्स’ हे त्याचे पहिले एक्सपान्शन निघाले. त्या पत्त्यांची पाठ वेगळी ठेवायचे आधी ठरले होते. ऐनवेळी तो बेत रद्द झाला आणि जुनीच पाठ कायम राहिली. वेगळ्या पाठीमुळे गड्डीत लागणारे ‘जमिनी’चे साधे पत्तेही त्या संचाला स्वतःचे लागणार होते. पाठ एक झाल्यावर ते काढून टाकले गेले, पण ‘माउंटन’ हा त्यांतला एक पत्ता छपाईच्या शीटवर चुकून राहून गेला. त्या खेळाची पाठ आजही १९९३ चीच आहे. तिच्यावरचा ‘डेकमास्टर’ हा शब्द पुढे निरुपयोगी ठरला, तरी तो काढता येत नाही, कारण काढला तर नवा पत्ता लगेच ओळखू येईल. कोपऱ्यांचेही तसेच: ‘अल्फा’ या अगदी पहिल्या छपाईचे कोपरे नंतरच्या छपाईपेक्षा जास्त गोल कापले गेले, म्हणून ते पत्ते इतरांत मिसळून खेळायचे तर अपारदर्शक स्लीव्हमध्ये, म्हणजे एकेका पत्त्याच्या प्लॅस्टिक पिशवीत, घालावे लागतात. स्लीव्हचा उपाय मीही सुचवला होता. त्यावर खानापूरचा मुलगा म्हणाला, “आमच्याकडची पोरं खिशातल्या पैशातून पाकीट घेतात, काका. त्यांनी आणखी स्लीव्ह कुठून घ्यायची?” त्याचे म्हणणे मला पूर्ण पटले.

आमच्या भागाला ही गोष्ट मुळात नवी नाही. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी येते. तिथल्या दशावतारी गंजिफात दहा रंगांचे १२० गोल पत्ते असतात, अंकांच्या पत्त्यांत पाच रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा असा क्रम असतो, आणि पुढची बाजू चितारी हाताने रंगवतात. पाठीवर मात्र एकाच रंगाचा सपाट लेप असतो. हाताने काढलेली दोन चित्रे तंतोतंत सारखी येत नाहीत, म्हणून पाठीवर चित्रच नाही. त्या कारागिरांची ही समज मला फार मोठी वाटते.

ट्रायलचा दिवस जुलैमधला होता. बाहेर बेळगावचा तो संततधार पाऊस पडत होता आणि कागदाच्या गोदामाला ओल सुटू नये म्हणून आम्ही दारे लावून घेतली होती. जुन्या संचाची पाठ गडद निळी होती. चार रंगांच्या ठिपक्यांतून असा निळा बांधला, तर मशीनवर पाणी जरा कमीजास्त होताच तो जांभळ्याकडे नाहीतर हिरव्याकडे झुकतो; म्हणून आम्ही शाई वेगळी कालवून एकाच प्लेटवर छापायचे ठरवले. शाईचा गडदपणा मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरचा आकडा जुळला. ट्यूबलाइटखाली जुना आणि नवा पत्ता शेजारी ठेवले, तर माझ्या डोळ्यांना फरक दिसेना. तरीही मशीनवरचे मामा दोन्ही पत्ते घेऊन दारापाशी गेले आणि ढगाळ उजेडात त्यांनी ते धरले, तेव्हा जुना पत्ता किंचित जांभळा दिसला. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात, हे प्रत्येक छपाईवाल्याला ठाऊक असते. पण इथे पत्ते शाळेच्या ओट्यावरही खेळले जाणार होते आणि रात्री बल्बखालीही, त्यामुळे दोन्ही उजेड सांभाळणे भाग होते. मामांनी शाईत थोडा व्हायोलेट वाढवला. या शाईतला रिफ्लेक्स निळा आधीच उशिरा वाळतो आणि पावसाळी हवेत तो छळच मांडतो. ओल्या शाईवर निर्णय घेता येत नाही, कारण वाळल्यावर तिची चमक उतरून रंग थोडा बसतो. तेव्हा शीट वाळेपर्यंत थांबलो, मग कोटिंग केले, नमुन्याचे पत्ते कटिंग मशीनवर कापले आणि कोपरे हातमशीनवर गोल केले.

यानंतरचा प्रसंग माझ्यासमोर घडला. मुलांनी जुन्या संचाचा एक न उघडलेला बॉक्स सोबत आणला होता. त्यातले पत्ते आणि आमचे नमुने त्यांनी एकत्र पिसून टेबलावर पालथे पसरले. बघून कोणालाच काही ओळखता येईना, म्हणून आम्ही समाधानाने जेवायला बसलो. जेवण आटोपून आलो, तेव्हा खानापूरच्या मुलाने गड्डी उचलली, क्षणभर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “डोळे मिटून वेगळे करून दाखवतो की.” त्याने खरोखरच डोळे मिटले आणि एकेक पत्ता डावीकडे-उजवीकडे टाकत गेला. दोन ढीग झाले. उलटून पाहिले, तर एकात सगळे जुने आणि दुसऱ्यात सगळे नवे. एकही पत्ता चुकीच्या ढिगात नव्हता.

मामांनी दोन्ही ढिगांतला एकेक पत्ता टेबलाच्या कडेला डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरला. तेवढ्या वेळात हवेतल्या ओलीने दोन्ही पत्ते जरासे वळले होते, पण वळण्याची दिशा निराळी होती. जुन्या पत्त्याची वरखालची टोके उचलली होती. नवा पत्ता मात्र लांबीभर पन्हळीसारखा झाला होता. “ग्रेन आडवा पडलाय हो,” ते म्हणाले. ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. आमच्या नमुन्याला पाठीच्या बाजूलाच कोटिंग होते, त्यामुळे त्याचे वळण जरा जास्त होते हे खरे. पण दोन्ही बाजूंना कोटिंग केल्याने वळण कमी होते, दिशा बदलत नाही. खात्रीसाठी मी त्याच कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला. कागदाचे तंतू ओलीने जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत, म्हणून तुकडा तंतूंच्या रेषेला समांतर गुंडाळला जातो. तसेच झाले. कागद योग्य होता, वजन योग्य होते, जाडीही मायक्रोमीटरवर जुळत होती. तंतू मात्र जुन्या पत्त्यात रुंदीच्या दिशेने होते आणि आमच्या मांडणीत ते लांबीच्या दिशेने आले होते.

त्या मुलीचा चेहरा उतरला, कारण तिला वाटले की आता नवा कागद मागवावा लागणार. तशी गरज नव्हती. २० बाय ३० इंचांच्या शीटवर सात गुणिले आठ अशी ५६ घरे आम्ही धरली होती. पत्ता शीटवर आडवा फिरवला तर पाच गुणिले अकरा अशी ५५ घरे बसतात, म्हणजे ५४ पत्ते मावून एक घर रिकामे उरते आणि तंतू आपोआप रुंदीच्या दिशेने येतात. पुढच्या बाजूच्या प्लेट अजून काढलेल्या नव्हत्या आणि पत्ते कापायचा साचा, म्हणजे पंचिंगची डाय, अजून बनवायला द्यायची होती, त्यामुळे वाया गेली ती पाठीची एक प्लेट. ती मी बिलात लावली नाही. हे काम नीट व्हावे असे मलाच वाटत होते.

संध्याकाळी नव्या मांडणीच्या शीट निघाल्या. वाळायला रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुद्दाम दारे उघडी ठेवून आम्ही ते पत्ते ओल्या हवेत जुन्यांसोबत पडू दिले. मग खानापूरच्या मुलाने पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ तो एकेक पत्ता बोटांत दाबत, वाकवत, कड चाचपत राहिला. शेवटी त्याने केलेल्या दोन्ही ढिगांत जुने आणि नवे मिसळलेले निघाले. मामांनी करून पाहिले, मीही करून पाहिले. कोणालाच वेगळे करता आले नाहीत.

छपाई पूर्ण झाल्यावर मंजूर शीटचा एक तुकडा, शाई कालवण्याचे प्रमाण, कागदाची ग्रेनची दिशा आणि डायच्या कोपऱ्याचे माप हे सर्व मी एका काळ्या पाकिटात घालून त्या दोघांच्या हवाली केले आणि दुसरे तसेच पाकीट छापखान्यात ठेवले. पुढचे एक्सपान्शन ते कुठेही छापून घेवोत, त्या छापखान्याने आधी हे पाकीट उघडावे, असे मी त्यांना बजावून सांगितले आहे.