कणकेच्या पावाची आमची वाटचाल

२०१३ साली पुण्यात सहकारनगरच्या राहत्या घरी आम्ही कणकेचा पाव करून विकू लागलो, तेव्हा भांडवल म्हणून आमच्याकडे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे करणारे एक ब्रेड मशीन, एक ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचा पिठाचा अंदाज एवढेच होते. जाऊबाई या धंद्यातील माझ्या पहिल्या भागीदार. गिरणीवरून दळण आले की त्या चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाणी किती लागेल ते सांगत, आणि तो अंदाज सहसा चुकत नसे. गिरणीतील जात्यावरच्या दळणात गव्हातील पिष्टाचे (स्टार्चचे) कण अधिक तुटतात आणि कोंडाही पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आपली कणीक मैद्याहून बरेच जास्त पाणी पिते. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतील बहुतेक मापे मैद्याची असतात. त्यांच्या भरवशावर राहिल्यास कणकेचा पाव दडस होतो. आम्ही ५०० ग्रॅम कणकेला साधारण ३७० मिलिलिटर पाणी धरतो, खपली या जुन्या जातीच्या गव्हाच्या कणकेला त्याहून कमी.

२०१६ मध्ये पावाच्या पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर देशात बंदी आली. पावात काय असते याची लोक चौकशी करू लागले आणि आमची गिऱ्हाइके वाढली. पुढच्याच वर्षी आमच्या रस्त्यावर एक दुकान आले आणि तेथे ‘गव्हाचा पाव’ म्हणून तपकिरी लादी आमच्या जवळपास निम्म्या भावात मिळू लागली. तिच्या वेष्टनावर पहिले नाव मैद्याचे आणि शेवटी कॅरॅमल रंग १५०ए असे स्पष्ट छापलेले होते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पाव घेताना प्रत्येकाने पहिले नाव वाचलेच पाहिजे.

भावातील स्पर्धा आम्ही सोसली असती. परंतु आमचा पाव मशीनचा, म्हणून तो घरगुती नव्हेच, असे त्या दुकानातून गिऱ्हाइकांना सांगितले जाऊ लागले, आणि ते बोलणे महिला उद्योजकांच्या एका प्रदर्शनाच्या संयोजकांपर्यंत जाऊन पोहोचले. आमचा स्टॉल ऐन दिवाळीच्या तोंडावर नाकारण्यात आला. त्या भरवशावर घेतलेले दुसरे मशीन नुसते पडून राहिले, महिन्याची बांधलेली गिऱ्हाइके एकेक करून तुटली, आणि जाऊबाईंचा हिस्सा परत करण्यासाठी मला माझ्या पाटल्या मोडाव्या लागल्या. त्यांच्या घरच्या अडचणी खऱ्या होत्या आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. संयोजकांविषयी मात्र आहे, कारण त्यांच्यापैकी कोणीही आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाहिले नव्हते.

आल्या त्या आमच्या गल्लीतील एक निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्या वर्षापासून त्या दर महिन्याचे पैसे आगाऊ देत आल्या होत्या. मशीनमध्ये कणकेची मळणी चालू असताना त्यांनी झाकण उघडायला लावले, गोळ्यावर बोट दाबून पाहिले, आणि तेथेच बसून संयोजकांना पत्र लिहिले. “अहो, मिक्सरवर वाटलेल्या चटणीला तुम्ही बाजारची म्हणता का?” हे त्यातील वाक्य मला आजही पाठ आहे. पत्राला उत्तर आले नाही, परंतु बाईंनी त्याची प्रत सोसायटीच्या फलकावर लावली आणि तुटलेली बरीच घरे पुन्हा जोडली गेली.

मशीनला हात नसतात, असे म्हणणाऱ्यांना मी जपानमधील ओसाकाची हकिकत सांगते. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनीच्या घरगुती ब्रेड मशीनच्या नमुन्यात पीठ नीट मळले जात नव्हते, तेव्हा कंपनीतील इकुको तानाका तेथील एका हॉटेलातील मुख्य बेकरकडे मळणी शिकण्यास गेल्या. पीठ ताणता ताणता पिळण्याची त्याची लकब त्यांनी हेरली, आणि ती साधण्यासाठी मशीनच्या आतील बाजूस खास उंचवटे देण्यात आले.

त्या मळणीवरही लक्ष ठेवावे लागतेच. भांड्यातील मळण्याचे पाते फिरू लागल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडावे. गोळ्याने भांड्याच्या कडा स्वच्छ सोडलेल्या असाव्यात आणि तो बोटाला किंचित चिकटावा. खपलीचे ग्लुटेन (पिठाला ताण देणारे प्रथिन) नाजूक असते, म्हणून आम्ही ठरलेली मळणी पुरी होऊ देत नाही, मध्येच मशीन बंद करतो. उन्हाळ्यात फ्रीजचे पाणी घालावे, कारण मळताना पीठ तापते आणि यीस्ट वेळेआधी धावते. शेवटच्या फुगण्याआधी ओल्या हाताने पाते काढून घेतले तर पावाच्या तळाला मोठे भोक पडत नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी टायमर लावूच नये. नवे मशीन घेणाऱ्याने सुटे पाते आणि ते फिरवणारा पट्टा मिळतो का ते आधी विचारावे; कणकेच्या घट्ट गोळ्याने पट्टा सैल पडतो आणि मग मशीनचा आवाज बदलतो, तो ओळखता आला पाहिजे.

ते दुकान पुढे बंद झाले. आज आमच्याकडे खपलीच्या पावाला सर्वाधिक मागणी आहे आणि तो गहू आम्ही सांगलीकडच्या शेतकऱ्याकडून थेट घेतो. त्या प्रदर्शनाचे आमंत्रण आता दरवर्षी येते. आम्ही तेथे पुन्हा अर्ज केलेला नाही, आणि करणारही नाही.